पियुषचं न पिकणारं गळू

गावात कुणाला केसतोड झालं की लोक आधी जमुनाबाईंच्या दाराशी येत, आणि तिथं नाही भागलं तरच भातकुलीच्या दवाखान्यात जात. गळू असो, नखुरडं असो, की पायात मोडून बसलेला काटा असो, बाईंचं औषध एकच. जवस भाजायचे, वाटायचे, पाण्यात शिजवून घट्ट करायचे, वर हळद टाकायची आणि ते पोटीस एरंडाच्या पानावर घेऊन सोसवेल तितकं गरम बांधायचं. एवढं तर कुणालाही जमलं असतं. बाईंची खरी हुशारी पुढं होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गळवाच्या कडेला अंगठा टेकवायच्या, डोळे बारीक करायच्या आणि सांगायच्या, "आज नाई. पिकलं नाई अजून. सकायी ये." आणि ज्या दिवशी "बस खाली" म्हणायच्या, त्या दिवशी एका दाबात सगळा पू बाहेर. ओरडायला तोंड उघडलेला माणूस ओरडायचं विसरून हसायला लागायचा.

ही विद्या त्यांनी तेल्हाऱ्याहून, माहेराहून आणली होती. सासरी येताना आणखी काही आणल्याचं त्यांना आठवत नाही. भातकुलीच्या अलीकडचं हे गाव खारपाण पट्ट्याच्या कडेवर. शेजारच्या शिवारात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण यांच्या विहिरीला गोडं पाणी. त्या पाण्यावर सूर्यभानजींनी वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवला आणि दसरा-दिवाळीला झेंडू-शेवंती. सूर्यभानजी बोलायचे कमी. पाण्याची पाळी कुठल्या वाफ्याला, एवढ्यापुरतं बोलले की त्यांचा दिवस सरायचा. घरातलं बोलणं, भांडणं, ठरवणं हे सगळं जमुनाबाईंकडं.

मुलाचं, नितेशचं लग्नही त्यांनीच ठरवलं. सून बाहेर शोधायची गरजच पडली नाही. तेल्हाऱ्याचा भाऊ जीवन, त्याची मुलगी रागिणी, म्हणजे सख्खी भाची. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे त्यांच्यात कुणाला सांगावंही लागत नाही. जीवननं जरा आढेवेढे घेतले होते, पोरीला शिकायचं आहे म्हणाला होता. जमुनाबाईंनी त्याला उभ्या उभ्या ऐकवलं, "माह्या घरी नाई देत तं कोनाच्या घरी देतं रे? मी काय तिले उपाशी ठेवून राहिली?" झालं, लग्न लागलं. रागिणी सून झाली तरी त्यांना आत्याबाईच म्हणत राहिली. सकाळी नितेशच्या भाजीच्या टेम्पोत बसून ती अमरावतीला जायची आणि तिथून कंपनीच्या बसनं नांदगाव पेठेला, कपड्यांच्या कारखान्यात. शर्टाला बटनं लावायच्या खात्यात होती ती.

म्हणून तिचा पियुष वाढला तो आजीच्या मांडीवर.

पोरगं पहिल्यापासून लहानखुरं. उशिरा बसलं, उशिरा चाललं, आणि बोलणं म्हणजे "आ" आणि "बा" एवढंच. ताप तर घरच्यासारखा यायचा-जायचा. कधी कान, कधी हिरड्या, कधी छाती. पण एका गोष्टीचं जमुनाबाईंना कौतुक होतं. पोराला खरचटलं, लागलं, काही झालं तरी जखम पिकायची नाही. शेजारच्या गंगूबाईंना त्या दाखवायच्यासुद्धा. "पाह्य वं, लाल हाय, पर थेंबभर पू नाई. आमच्या पियुषची कातडी लय चांगली."

"तुह्या हाताखाली वाढला ना तो," गंगूबाई म्हणायच्या. "पू भेऊन पयते."

दोघी हसायच्या. जखम भरायला मात्र फार दिवस लागायचे. ते कुणी धरलं नाही.

पियुष पाचव्या वर्षात होता तेव्हा मांडीवर एक गाठ आली. लाल, गरम, हात लावू देईना. जमुनाबाईंनी नेहमीसारखे जवस भाजले. पहिल्या दिवशी पोटीस, दुसऱ्या दिवशी पोटीस. अंगठा टेकवला, नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गाठ दगडासारखी. त्यांनी पोटीस आणखी गरम केलं, दिवसातून दोनदा बांधलं. पोरगं रडायचं आणि रागिणी दाराशी उभी राहून पाहायची.

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ काय?"

"पिकू तं दे. कच्चं कापलं तं आत जाते ते."

आयुष्यभर हेच खरं ठरलं होतं. न पिकणारं गळू त्यांनी पाहिलंच नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याची वाट पाहत त्या बसल्या. गाठीवरची कातडी निळी पडली, मग काळी. तेव्हा नितेशनं आईला न विचारता पोराला उचललं आणि टेम्पोत घातलं.

अमरावतीच्या दवाखान्यात रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या की तपासणाऱ्यानं पुन्हा एकदा रक्त घेतलं. मग डॉक्टरांनी नितेशला बाजूला नेऊन तो शब्द सांगितला. रक्ताचा कॅन्सर असू शकतो. हाडातला मगज काढून तपासावा लागला. त्याचा निकाल येईपर्यंत घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सूर्यभानजी तर वाफ्यात पाणी सोडून विसरून गेले, सांबाराचा वाफा सडला. निकाल आला: कॅन्सर नाही. मग काय आहे? ते कुणाला सांगता येईना. अँटिबायोटिक चालू राहिलं, जखम काळी ती काळीच.

जीवननं तेल्हाऱ्याहून फोन केला. अकोल्याला लहान मुलांच्या एक डॉक्टर आहेत, आपल्याच भागातल्या, नाव दीपमाला, त्यांना एकदा दाखवा म्हणाला.

डॉ. दीपमाला दिसायला कॉलेजातल्या मुलीसारख्या. जमुनाबाईंना पाहताक्षणी भरवसा वाटला नाही. पण डॉक्टरांनी पोराची मांडी खूप वेळ पाहिली, मग कडेला बोट टेकवलं, अगदी जमुनाबाई टेकवायच्या तसं.

"पू कधी झालाच नाही, मावशी? कधीच?"

"नाई बाई. आतापर्यंत कधीच नाई."

"आणि पांढऱ्या पेशी एवढ्या." त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "सैन्य एवढं आणि लढाई नाही."

मांडीवरची मेलेली कातडी काढावी लागणार होती. पोराच्या अंगात रक्त कमी, म्हणून एक पिशवी तयार ठेवायची ठरली. आणि तिथं दुसरंच निघालं. पियुषचं रक्त ओ गटाचं दिसत होतं, पण ओ गटाच्या कुठल्याही पिशवीशी जुळेना. मिसळलं की गुठळ्या.

"ओ तं ओले चालते ना मॅडम?" नितेश म्हणाला.

"याला नाही चालत. याचा बॉम्बे ब्लड ग्रुप आहे. फार कमी लोकांचा असतो."

नितेशला हसावं की रडावं कळेना. "आमी कदी मुंबई पाह्यली नाई, अन् पोराचं रक्त मुंबईचं?"

वाशीमकडचे देवमन नावाचे एक शिक्षक त्याच गटाचे निघाले. ते शाळेतून सुट्टी घेऊन आले, रक्त दिलं, चहा पिऊन गेले. ऑपरेशन झालं. आणि त्यानंतर एका सकाळी डॉ. दीपमालांनी तिघांना समोर बसवलं. डॉक्टरांच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना येऊन भिडल्या होत्या: न होणारा पू आणि न जुळणारं रक्त.

"आधी एक विचारते. तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

रागिणीनं मान खाली घातली. नितेश टेबलाकडं बघू लागला. उत्तर जमुनाबाईंनीच दिलं. "माही भाची हाय ते. भावाची पोरगी."

डॉक्टरांनी मान हलवली, पुढं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जमुनाबाईंना वाटलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक धागे असतात. पेशीच्या आत एन्झाइम नावाचे कारागीर आहेत, ते हे धागे विणतात आणि शेवटी त्यांच्या टोकाला एक खास साखर जोडतात, फ्युकोज तिचं नाव. पांढरी पेशी रक्तातून वेगानं वाहत असते. कुठं जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या रक्तवाहिनीची भिंत आतून हात बाहेर काढते. तो हात ही साखर ओळखून पेशीला धरतो. पेशी हळू होते, भिंतीवरून लोळत लोळत थांबते आणि भिंतीतून बाहेर पडून जखमेत शिरते. तिथं लढून मेलेल्या पेशी म्हणजेच पू. "पियुषच्या पेशींवर ती साखरच नाही. हाताला काही सापडत नाही, म्हणून सगळ्या पेशी वाहतच राहतात. रक्तात गर्दी, जखमेत कुणी नाही. रक्तगटाची खूण उमटते तीही याच साखरेवर. म्हणून त्याचं रक्त कुणाशी जुळत नाही."

"मंग कारागीर बिघडले काय?" रागिणीनं विचारलं. इतके दिवस ती दवाखान्यात एक शब्द बोलली नव्हती.

"कारागीर ठीक असावेत असा माझा अंदाज आहे. साखर त्यांच्यापर्यंत पोचवणारी वाट बंद आहे. तपासून पाहू."

रागिणी नितेशकडं वळून म्हणाली, "आमच्या खात्यात होते ना तसं. बाई बसली, मशीन चालू, अन् स्टोरमधून बटनंच येत नाई. मंग शर्ट तसेच पुढं जातात, बिनबटनाचे."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच."

जमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर ते जवस होते, पोराच्या मांडीवर दिवसातून दोनदा बांधलेले. आत कुणी आलंच नव्हतं. पिकणार काय, कपाळ? रिकाम्या जागेला त्या शेक देत बसल्या होत्या.

रक्त मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. निकालाला वेळ लागला, पण अंदाज खरा निघाला. इलाज काय, तर साखरच. तीच, फ्युकोज. परदेशातून मागवायची, पाण्यात विरघळवून दिवसभर थोड्या थोड्या अंतरानं पाजायची. रक्तात ती भरपूर झाली की बंद वाटेतूनही थोडीफार आत झिरपते. डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही. काही मुलांना लागू पडते, काहींना अजिबात नाही. मात्रा हळूहळूच वाढवायची, कारण लाल पेशींवर नवी साखर चढू लागली तर अंगच तिच्यावर उलटून त्या पेशी फोडू शकतं. लघवी लाल दिसली की लगेच फोन. बोलणं, समज, उंची यांत फार फरक पडेलच असं नाही. "पण जखमा भरल्या तर पोरगं जगेल," त्या म्हणाल्या. "आणि मावशी, गरम पोटीस बंद."

"बंदच हाय," जमुनाबाई म्हणाल्या.

गावात बातमी गेली ती आपल्या परीनं गेली. गंगूबाई अंगणात येऊन बसल्या. "काय वं जमुने, पोराले साखर पाजून राहिली म्हनते? आमच्या म्हाताऱ्याची शुगर कमी कराले डॉक्टर मरून राहिला, अन् तुह्याच घरी वाढवाची हाय?"

"पाठव तुह्या म्हाताऱ्याले. दोघाईची सरासरी काढू."

बोलायला बोलल्या, पण पूर्वीचा जोर आवाजात नव्हता. दिवस साखरेनं बांधला गेला होता. पहाटे फुलं तोडायची, मग साखर. भाकरी टाकायच्या, मग साखर. पियुष पाणी तोंडात घ्यायचा आणि फुर्र करून उडवायचा, की पुन्हा पहिल्यापासून. दर काही दिवसांनी अकोला. बडनेऱ्यापर्यंत टेम्पो, पुढं गाडी, पोरगं कडेवर. रागिणीची रजा संपली होती आणि नितेशचा भाजीचा धंदा सोडून चालण्यासारखं नव्हतं, तेव्हा फेऱ्या जमुनाबाईंच्याच. कंबर दुखायची. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना वाटायचं, इथंच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

गळू घेऊन लोक अजून यायचे. त्या म्हणायच्या, "दवाखान्यात जा." लोकांना राग यायचा. एकजण तर म्हणाला, "नातवाले दवाखान्यात काय नेलं, तुमी डॉक्टरीनच झाल्या." त्यांनी जवसाचा डबा उचलून माळ्यावर टाकून दिला.

एका रविवारी रागिणी घरी होती. पियुषनं साखरेचं पाणी तिच्या साडीवर उडवलं आणि तिचा हात उठला. मारलं नाही, हवेतच थांबला. पण जे मनात होतं ते बाहेर आलं.

"मले शिकाचं होतं, आत्याबाई. बाबानं सांगतलं होतं तुमाले."

जमुनाबाई निवडत होत्या त्या पालकाची जुडी तशीच हातात राहिली.

"सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

"मंग काहून मांगतलं मले?"

यावर त्यांच्याकडं पूर्वी उत्तरं होती. घरातली पोर घरात राहते, भावाचं दार बंद होत नाही, परकी आणली तर म्हातारपणी पाणी देईल याचा काय नेम. त्यांतलं एकच आज खरं वाटलं. "तुह्या बापाचं घर सुटू नाई म्हनून," एवढंच शेवटी म्हणाल्या. "माह्यासाठी मांगतलं. तुह्यासाठी नाई."

रागिणीनं डोळे पुसले, नव्यानं साखर विरघळवली आणि पोराला मांडीवर घेतलं. त्यानंतर त्या दोघींत तो विषय निघाला नाही. पण त्या दिवसापासून संध्याकाळची साखर रागिणी पाजू लागली.

मांडीची जखम हळूहळू आवळत आली होती. पेशींचा आकडा थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टर म्हणायच्या, बघू. जमुनाबाईंना 'बघू' या शब्दाचा वीट आला होता.

शेवंतीचे दिवस आले आणि पियुषच्या दंडावर एक पुरळ उठलं. सकाळी टिकलीएवढं, संध्याकाळी बोराएवढं. लाल, गरम. घरात पुन्हा ती शांतता पसरली, मगजाच्या निकालाच्या वेळची. डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या, दोन दिवसांत घेऊन या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, हात लावू नका, दाबू नका, फक्त पाहत राहा.

फक्त पाहत राहणं! जमुनाबाईंनी जन्मात हे काम केलं नव्हतं. पोरगं झोपलं की त्या त्याच्या दंडाशी बसायच्या. अंगठा आपोआप पुढं जायचा, मग त्या तो मुठीत दाबून धरायच्या. पियुष रडायचा, बाही ओढायचा, आजीच्या कुशीत डोकं खुपसायचा. दुसऱ्या दिवशी गाठ आणखी ताठली. त्या मनातल्या मनात देवाला काय काय बोलल्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी, अकोल्याला निघायच्या तयारीत, पोराचा सदरा बदलताना त्यांना दिसलं. गाठीच्या अगदी मधोमध पिवळा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. त्यांनी पोराला दारात उजेडात नेलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग सूर्यभानजींना हाक मारली.

"पाहा बरं. काय दिसते?"

सूर्यभानजी वाकले. आयुष्यभर त्यांनी बायकोच्या या कामाकडं तोंड फिरवलं होतं, त्यांना किळस यायची. आज त्यांनी बराच वेळ पाहिलं. "पू दिसून राहिला ना वं."

"मलेच दिसून राहिला असं वाटलं."

रागिणीला फोन लावून उपयोग नव्हता. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. तरी त्यांनी लावला, वाजून वाजून बंद झाला. मग त्या पोराला घेऊन निघाल्या. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं नातवाला? जमुनाबाई म्हणाल्या, "गळू झालं. पिकलं." आणि चेहऱ्यावर असं काही आलं की ती बाई जरा सरकूनच बसली.

डॉ. दीपमालांनी दंड पाहिला आणि खुर्ची पुढं ओढली. बारीकसा छेद दिला. पियुषनं दवाखाना डोक्यावर घेतला. कापसावर आला तो घट्ट, पिवळा, खराखुरा पू. डॉक्टरांनी त्यातला थोडा तपासायला काढून ठेवला, आणि कापूस टाकणार इतक्यात जमुनाबाई म्हणाल्या, "थांबा. पाहू द्या."

त्यांनी पाहिला. आजवर किती पाहिला होता, नाक मुरडून राखेत टाकला होता. हा त्यांच्या नातवाच्या रक्तातून कुणीतरी थांबून, भिंत ओलांडून, इथपर्यंत येऊन मेल्याचा पुरावा होता.

"लागू पडली म्हणायची काय?"

"पडतेय, मावशी. थोडी तरी पडतेय. आकडाही खाली आलाय यावेळी." डॉक्टरांनी दंडावर पट्टी बांधली. "पण साखर सोडायची नाही. बहुतेक कधीच नाही. आणि बोलण्याचं मी आधीच सांगितलंय."

"नाई बोलला तरी चालते. रडते ना चांगला."

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. रागिणी पण पोचली होती, वाजून गेलेला फोन पाहून घाबरी होऊन दारातच उभी. जमुनाबाईंनी पोराचा दंड तिच्यापुढं केला. पट्टी ओली झाली होती, बदलायला हवी होती.

"पिकलं?" रागिणीनं विचारलं.

"पिकलं."

रागिणी उंबऱ्यावर बसली आणि पोराला पोटाशी धरून हुंदके देत राहिली. पियुषला ते आवडलं नाही, त्यानं तिचे केस ओढले.

थोड्या वेळानं ती उठली, गरम पाणी केलं आणि पट्टीचं सामान आणून सासूसमोर ठेवलं. जमुनाबाईंनी हात पुढं केला. मग मागं घेतला.

"माह्यानं होत नाई आज. तूच बांध."

"मले येत नाई, आत्याबाई."

"येते. आधी हात धू साबनानं. मंग कडेनं पूस, मधात दाबू नको. अन् आवळून नाई बांधाचं."

रागिणी हात धुवायला गेली. जमुनाबाई बाजेवर आडव्या झाल्या. सकाळी शेवंती तोडायची होती, नितेशला सांगायचं राहिलं होतं. तेही त्यांनी आज राहू दिलं. पोरगं पट्टीला हात लावू देत नव्हतं, भोकाड पसरून लाथा झाडत होतं. रागिणी त्याला दटावत होती, चुचकारत होती, पुन्हा दटावत होती. त्या गोंगाटातच जमुनाबाईंना झोप लागली, आणि जेवायला उठवायला आलेले सूर्यभानजी तसेच मागं फिरले.